पहिल्या पगाराआधीचे तीन महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर टॅबवाटपाचा फोटो आला होता. पुढच्या रांगेतल्या मुलींनी टॅबची खोकी छातीशी घट्ट धरली होती. ग्रामीण भागातली मुलं आता आयटीत मागे राहणार नाहीत, असं बातमीत म्हटलं होतं. फोटो बघून मला आनंद झाला. त्या मुलींचे चेहरे मी रोज बघत आलेल्या चेहऱ्यांसारखेच होते. पण बातमी वाचल्यावर रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, ते काटछाट न करता छापता आलं तर बघावं.

मी बीड जिल्ह्यात आयटीआयमध्ये २६ वर्षं शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारी शिक्षिका, होते. १९९७ ला लागले, २०२३ ला निवृत्त झाले. ट्रेड 'कोपा', म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. दहावीनंतरचा एक वर्षाचा कोर्स. मी लागले तेव्हा फ्लॉपी आणि फॉक्सप्रो होतं, निवृत्त झाले तेव्हा पोरं पायथन शिकत होती. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त मुलं ऊसतोड कामगारांची. काही वंजारी, काही बंजारा, काही बौद्ध, काही मराठा, काही मातंग. जात वेगवेगळी, पण दिवाळीनंतर सगळ्यांच्या घराला कुलूप. आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर, आणि लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात.

टॅब मिळाला म्हणजे मूल तंत्रज्ञानात आलं, असं आपण धरून चालतो. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची शंभरातली ८२ मुलं स्मार्टफोन वापरता येतो म्हणाली होती. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ५७ होतं. हे आकडे खोटे नाहीत, माझ्या वर्गातही तेच दिसायचं. अंगठ्याने झरझर मेसेज लिहिणारी मुलगी कीबोर्डपुढे बसली की एका बोटाने अक्षर हुडकत बसायची. फाईल कुठे सेव्ह झाली हे तिला कळायचं नाही, कारण फोनमध्ये फाईल 'कुठे' असते हा प्रश्नच कधी पडत नाही. फोल्डरच्या आत फोल्डर ही गोष्ट समजावताना मी घरातली पत्र्याची पेटी सांगायचे. पेटीत पिशवी, पिशवीत पाकीट, पाकिटात रेशनकार्ड. ते लगेच कळायचं. पण हात बसायला तास लागतात. रोजचे दोन तास, कमीत कमी सहा महिने, आणि तेही खऱ्या कीबोर्डवर. आमच्या प्रयोगशाळेत २४ जणांची तुकडी असायची, त्यात चालू यंत्रं कधी १४, कधी ११. यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या, त्यामुळे वीज गेली की सगळं बंद.

एका मुलीबद्दल सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव तेवढं लिहू नका म्हणाली.

ती २०१६ ला माझ्याकडे आली. दहावीला ७१ टक्के. पहिल्या दिवशी तिने माऊस धरला तो उजव्या हातात, कोयता धरावा तसा, मूठ आवळून. तर्जनी आणि अंगठ्याच्या बेचक्यात घट्टे होते. आठवी-नववीत असताना दोन हंगाम ती आईबरोबर फडावर गेली होती, मोळ्या बांधायला. मी तिची बोटं एकेक करून सैल केली. ती लाजली आणि हात ओढणीत लपवला. दोन महिन्यांनी तिच्या वहीत बघितलं तर तिने अख्खी एचटीएमएलची पानं हाताने लिहून काढलेली, ओळ बंद करायच्या खुणांसकट. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून रात्री वहीत 'चालवून' बघायची. कुठली ओळ आधी, कुठली नंतर, पडद्यावर काय दिसेल, ते शेजारच्या पानावर चौकट काढून पेन्सिलीने रेखाटायची. दुसऱ्या दिवशी यंत्रावर टाकलं की चौकटीशी ताडून बघायची. मी २६ वर्षांत शेकडो मुलं शिकवली, पण प्रोग्रॅम कसा चालतो हे इतक्या नेमकेपणाने कळलेली चार-पाचच असतील.

तिला भीती वाटायची ती एररची. पडद्यावर इंग्रजीत तांबडी ओळ आली की ती खुर्चीत मागे सरकायची, कोणी रागावल्यासारखी. हे मी खूप मुलांमध्ये बघितलं. घरात, शाळेत, कचेरीत त्यांच्याशी जो कोणी इंग्रजीत बोलला तो रागावायलाच. म्हणून मी एक नियम केला होता. एरर आला की आधी त्यातला आकडा वाचायचा. आकडा म्हणजे ओळीचा नंबर. त्या ओळीवर जायचं, आणि तिथे नाही सापडलं तर एक ओळ वर बघायचं. 'एक्स्पेक्टेड' म्हणजे यंत्राला इथे काहीतरी हवं होतं ते मिळालं नाही. 'अनडिफाइन्ड' म्हणजे तू ज्याचं नाव घेतेस त्याची ओळख करून दिलेली नाहीस. असे तीस-चाळीस शब्द मी भिंतीवर मराठीत लावले होते. जानेवारीपर्यंत ती मुलगी दुसऱ्यांचे एरर वाचून द्यायला लागली. इंग्रजी येत नाही म्हणून ग्रामीण मुलं आयटीत टिकत नाहीत असं कोणी म्हणालं की मला ती भिंत आठवते. कामापुरतं इंग्रजी तीन-चार महिन्यांत येतं, शेजारी कोणी बसणारं असेल तर.

कोपा झाल्यावर ती अकरावीला गेली. मग २०१८ च्या हंगामात तिच्या आईचा पाय फडावर मोडला. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. मुकादमाकडून हंगामाची उचल आधीच घेतलेली, ती फेडायची तर कोयता पुरा पाहिजे. आईच्या जागी ही गेली. पाच महिने. वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी बारावी केली, ५८ टक्के. मग तालुक्याच्या कॉलेजात बीसीएस, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून. कोरोनाची दोन वर्षं तिने फोनवर लेक्चर ऐकली, वसतिगृह बंद, गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तरी शेवटच्या वर्षी ८.४ सीजीपीए काढला.

मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर भरायचा होता. आधारला बापाचा मोबाईल नंबर जोडलेला, आणि बाप कर्नाटकात, चिकोडीच्या बाजूला फडावर. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, तो दहा मिनिटांत सांगितला नाही तर बाद. बापाला वाचता येत नाही. सेतू केंद्रात बसून आम्ही मुकादमाला फोन लावला. मुकादमाने ट्रॅक्टरवाल्या पोराला फडात पिटाळलं. पोरगा पोचेपर्यंत ओटीपी बाद. दुसरा मागवला, फोनची बॅटरी संपली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता सहा आकडे आमच्या हाती लागले. ती मुलगी आकडे टाकताना बोटावर बोट ठेवून बसली होती, चुकीचं बटण दाबलं जाऊ नये म्हणून. जातपडताळणीचं तर विचारूच नका. आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा ज्या शाळेत, त्या शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. ही कागदं जमवायचे महिने आणि ऊसतोडीचे महिने एकच असतात, हे पोर्टल बनवणाऱ्या कोणाच्या लक्षात कसं येत नसेल? २०२४ पासून बीसीए, बीबीएला सीईटी लागली. पहिल्याच वर्षी इतकी मुलं परीक्षेबाहेर राहिली की सीईटी सेलला जादा परीक्षा घ्यावी लागली. आमच्या भागात कित्येकांना अशी परीक्षा असते हे जून उजाडल्यावर कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे तिच्याकडे येते.

२०२३ च्या मे महिन्यात तिचा शेवटचा पेपर झाला. आठ दिवसांत वसतिगृहाची खोली रिकामी करा म्हणून सांगण्यात आलं, कारण ती आता विद्यार्थिनी नव्हती. शिष्यवृत्ती, स्वाधार, स्वयं या ज्या काही योजना आहेत त्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी. नोकरदाराला पगार असतो. आणि या दोन्हींच्या मध्ये जो माणूस उभा असतो, तो शासनाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तिने मोठ्या कंपन्यांचे अर्ज भरायला घेतले. दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे ६० टक्के हवेत ही अट जवळपास सगळीकडे. बारावीचे ५८ तिथेच अडले. एका ठिकाणी ती अट नव्हती, पण शिक्षणात खंड एका वर्षापेक्षा जास्त नको होता. दहावी २०१६, बारावी २०२०. अर्जात आयटीआय लिहायला जागाच नव्हती. त्यामुळे ज्या वर्षी ती माझ्यासमोर बसून रोज सात तास कॉम्प्युटर शिकली, ते वर्षही त्या अर्जाने रिकामं धरलं. खंड दोन वर्षांचा झाला आणि तांबडी ओळ आली. तिने मला फोन केला. म्हणाली, "मॅडम, या एररमध्ये ओळीचा नंबरच नाही ओ." माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

शेवटी पुण्यात एका छोट्या कंपनीने परीक्षा घेतली, टक्के विचारले नाहीत, आणि टेस्टिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या कामाला घेतलं. तीन महिने बिनपगारी प्रशिक्षण, मग पगार १४ हजार. त्या दिवशी तिच्या घरी गूळ वाटला. आणि त्याच रात्री हिशोब मांडला. कॉट बेसिसवर जागा, महिना साडेतीन हजार, तेवढंच डिपॉझिट. मेस ३ हजार २००. बसचा पास ९००. लॅपटॉप स्वतःचा आणा म्हणालेले, तो जुना, १६ हजारांना. ऑफिसात घालायचे दोन ड्रेस, चपला, औषधपाणी, रिचार्ज. तीन महिन्यांचं मिळून ४५ हजारांच्या आसपास गेलं. बाप म्हणाला, "म्याडम, मुकादमाकडून जादा उचल घेतो. धाकट्यालाबी यंदा सोबत नेतो, अर्धा कोयता होईल त्याचा." धाकटा तेव्हा नववीत होता.

म्हणजे एका लेकराला आयटीत घालण्यासाठी दुसऱ्याला शाळेतून काढायचं. हुशारी, मेहनत, आरक्षण, फीमाफी सगळं तरून आलेली मुलगी ४५ हजारांपाशी अडली होती. आणि ही रक्कम दान म्हणून लागत नव्हती, फक्त पहिला पगार हातात येईपर्यंत लागत होती.

मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. ३१ जणांनी पैसे पाठवले, कोणी हजार, कोणी दोन हजार. त्यात महावितरणला शिकाऊ उमेदवार म्हणून लागून पुढे कायम झालेला एक आहे, झेरॉक्सचं दुकान चालवणारी एक आहे, एक पोलीस शिपाई आहे. धाकटा शाळेत राहिला. मुलगी पुण्याला गेली. तिचं प्रशिक्षण तीनाचे चार महिने चाललं, पण ती टिकली. पुढच्या दीड वर्षात तिने एकेकाचे पैसे परत केले, काहींनी घेतले, काहींनी दुसऱ्या कोणाला दे म्हणून सांगितलं. आज ती त्याच क्षेत्रात दुसऱ्या कंपनीत आहे, टेस्टिंगचे प्रोग्रॅम स्वतः लिहिते. गेल्या दसऱ्याला तिच्या बापाने उचल घेतली नाही. मुकादम दोनदा दारात येऊन गेला.

तिच्याच तुकडीतला एक मुलगा होता, तोही तितकाच तयारीचा. त्याला हिंजवडीला काम लागलं. त्याने मला सांगितलं नाही, संकोच केला. पगार दीड महिना लांबला, मेसवाल्याने जेवण बंद केलं, आणि तिसऱ्या महिन्यात तो रात्रीच्या एसटीने परत आला. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे अडकलेल्या, कारण मध्येच सोडलं. त्या सोडवायला आठ महिने गेले. आता तो स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करतो. कामात चोख आहे. पण त्याच्यासमोरून जाताना माझी मान वर होत नाही. त्या वर्षी मी विचारायला हवं होतं.

आता कोणी म्हणेल, आयटीतच नोकऱ्या उरल्या कुठे. खरं आहे. २०२५ च्या जुलैत देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं. डेटा एन्ट्री, साधं टेस्टिंग, फोनवरची मदत, ज्या कामांवर आमची कोपाची पोरं आजवर आत शिरत होती, तीच कामं आता एआयचं यंत्र करायला लागलं आहे. जिन्याची सगळ्यात खालची पायरीच काढून घेतल्यासारखं झालं आहे. पण त्याच यंत्राची दुसरी बाजूही मी रोज बघते. निवृत्तीनंतर मी घराच्या पुढच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर मांडलेत. संध्याकाळी पोरं येतात. आज ती एररची ओळ उचलून एआयला मराठीत विचारतात, "हे काय म्हणतंय?" आणि त्यांना मराठीत उत्तर मिळतं. माझी ती तीस-चाळीस शब्दांची भिंत आता प्रत्येकाच्या हातात आहे. रात्री अकरा वाजताही कोणी न रागावता समजावून सांगतं, हे त्या मुलांसाठी फार मोठं आहे. फक्त उत्तर जसंच्या तसं चिकटवायची सवय लागते. म्हणून मी म्हणते, चिकटव, पण आधी मला ओळ-ओळ बोलून दाखव. बोलता नाही आलं तर पुसून टाक. पहिल्या आठवड्यात सगळे पुसतात. महिन्याभरात बोलायला लागतात.

त्यामुळे शिकवण्याची मला आता काळजी वाटत नाही. शिकवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. काळजी वाटते ती यंत्रापुढे बसायच्या तासांची आणि त्या मधल्या महिन्यांची.

आपल्याकडे हे आधी कोणाला सुचलं नव्हतं असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. खेड्यातलं पोर डोक्याने कमी नाही, त्याला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण नाही, हे त्या माणसाला पक्कं कळलं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. शंभर वर्षांनी आपण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या. फार चांगला निर्णय, माझ्या ओळखीच्या तीन मुली त्यामुळे इंजिनिअरिंगला गेल्या. पण तो शिकवणी आणि परीक्षा शुल्कापुरता आहे. बोर्डिंगचा अर्धा भाग आपण विसरलो.

माझी मागणी साधी आहे. पुण्यात या जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी शंभर खाटांचं एक वसतिगृह असावं, आणि त्यात प्रवेश विद्यार्थ्याला नव्हे, नोकरीचं पत्र हातात असलेल्याला मिळावा. मुदत सहा महिने. पहिले तीन महिने फुकट, पुढचे तीन पगारातून. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो, त्यातून हे बसतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६ हजार, पदवीधराला १० हजार देतोच ना आपण? त्याच धर्तीवर खासगी कंपनीत पहिल्यांदा रुजू होणाऱ्याला तीन महिने आधार द्यायला काय हरकत आहे? बापाला मुकादमाच्या दारात जावं लागू नये, एवढीच ती रक्कम.

दुसरं, प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमधली कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी पाच ते नऊ उघडी ठेवावी. यंत्रं आहेत, खोली आहे, टेबलं आहेत. पाच वाजता कुलूप लागतं. कोपा झालेल्या मुलांतल्याच एखाद्याला मानधन देऊन बसवलं तरी चालेल. बॅटऱ्या तेवढ्या बदला.

आणि कंपन्यांनी ती ६० टक्क्यांची आणि खंडाची अट काढावी. परीक्षा घ्या, कठीण घ्या, दिवसभर बसवून घ्या, आमची पोरं देतील. पण बारावीच्या वर्षी आईचा पाय मोडला होता का, हे टक्क्यांवरून कळत नाही. तमिळनाडूत तेनकाशीसारख्या आडबाजूच्या भागात झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना घेऊन विद्यावेतन देत शिकवते आणि पुढे कामावर घेते, पदवी विचारत नाही. गेली वीसेक वर्षं तिचं हे चालू आहे. तिथलं पोर आणि आमचं पोर यांत मला काही फरक दिसत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत, जिल्हा बँकेत, बाजार समितीत रोज कॉम्प्युटरचं काम चालतं. वजनकाट्याची पावती यंत्रातून निघते, बिलं यंत्रावर होतात. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. ज्या घरांनी तो ऊस तोडला त्या घरांतली पाच-पाच पोरं प्रत्येक कारखान्याने काट्याच्या ऑफिसात वर्षभर शिकाऊ म्हणून घेतली, तर पुण्याला जायच्या आधी त्यांच्या हातात एका वर्षाचं काम असेल.

फोटोतल्या त्या मुलींना टॅब मिळाला, तो त्यांनी जपून वापरावा. पाच-सहा वर्षांनी त्यांच्यातली एखादी नोकरीचं पत्र घेऊन घरी येईल. त्या संध्याकाळी तिच्या घरात कसला हिशोब मांडला जाणार आहे, तेवढं आपल्या वार्ताहराने आजच जाऊन विचारावं, ही माझी आपल्याला विनंती आहे.

माझी पुढची खोली रोज सहा ते नऊ उघडी असते. सध्या अकरा मुलं येतात आणि यंत्रं चारच आहेत. कोणाकडे जुना लॅपटॉप पडून असेल तर आपल्या कार्यालयात माझा फोन नंबर दिला आहे. ८ जीबी रॅम असेल तर उत्तम, ४ असली तरी चालेल, आम्ही वाढवून घेऊ. तो स्टँडजवळचा मुलगा रविवारी येऊन बसवून देतो. चार्जर मात्र सोबत द्यावा, बाहेर घ्यायला गेलं तर महाग पडतो.

आपली,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, जि. बीड